स्टॉप साइन मागू नका, आधी डांबरीकरणाची यादी मागा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमेरिकेतल्या दीड लाख वस्तीच्या एका शहरात राहता. घरापासून दोन कोपरे पलीकडे प्राथमिक शाळा आहे आणि मुलगी दुसरीत आहे. सांगलीहून आलेले सासरे तिला रोज शाळेतून घरी आणतात. काही महिन्यांपूर्वी वळणारी एक गाडी त्या दोघांपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. तुम्ही ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर तक्रार करून चारही बाजूंना स्टॉप साइन (प्रत्येक गाडीने पूर्ण थांबावं असा फलक) लावायची मागणी केली. सहा आठवड्यांनी उत्तर आलं : पाहणी केली, निकषात बसत नाही. आता ऑनलाइन सह्या गोळा कराव्यात का, कौन्सिलच्या सभेत जाऊन बोलावं का, आणि एच-१बी व्हिसावर असताना हे सगळं केलेलं चालतं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सव्वीस वर्षं दोन शहरांच्या वाहतूक विभागांत काम केलं. ‘निकषात बसत नाही’ अशा पत्रांवर माझ्याही सह्या आहेत आणि त्यातले काही कोपरे मला आजही आठवतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्या भीतीपायी आपली बरीच माणसं घरी बसतात. सिटी कौन्सिलच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. बहुतेक ठिकाणी नाव आणि पत्ता किंवा प्रभाग एवढंच विचारतात. काही सल्लागार समित्यांवर नेमणूक होण्यासाठी मात्र मतदार असावं लागतं, तेव्हा तो नियम वाचून घ्या. खरी काळजी दुसऱ्याच ठिकाणी घ्यायची आहे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवर किंवा सभागृहाबाहेरच्या टेबलावर कुणी मतदार नोंदणीचा कागद पुढे केला, तर तो भरू नका. नागरिक नसताना नागरिक असल्याची खूण करणं इमिग्रेशनच्या दृष्टीने फार महागात पडतं, मग ती चुकून केलेली का असेना. शिवाय शहराला पाठवलेली ईमेल हा सार्वजनिक दस्तऐवज असतो, कुणीही तो मागून वाचू शकतं. तेव्हा त्यात मुलीचं नाव आणि तिच्या येण्याजाण्याची नेमकी वेळ लिहू नका.

आता ते पत्र. इंजिनिअर तुमची बोळवण करत होता असं धरून चालू नका. चिन्हं, सिग्नल आणि रस्त्यावरचे पट्टे यांसाठी देशभर एकच केंद्रीय नियमपुस्तिका पायाभूत धरली जाते. तिची अकरावी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये निघाली. चारही बाजूंना स्टॉप साइन लावायला तिच्यात निकष दिलेले आहेत. वर्षानुवर्षं चालत आलेला हिशोब असा, की मुख्य रस्त्यावर दोन्ही दिशा मिळून तासाला सरासरी ३०० गाड्या हव्यात, आडव्या रस्त्यावर गाड्या, सायकली आणि पायी चालणारे मिळून तासाला २०० हवेत, आणि हे दिवसातले कोणतेही आठ तास भरलं पाहिजे. नाहीतर स्टॉप साइनमुळे टळले असते असे पाच अपघात बारा महिन्यांत नोंदलेले हवेत. शाळेजवळचा कोपरा दुपारी अर्धा तास गजबजतो आणि बाकी दिवसभर शांत असतो, त्यामुळे तो या आकड्यांत बसणं अवघडच. शिवाय वेग कमी करण्यासाठी स्टॉप साइन वापरू नये, हेही त्याच पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे.

अपघाताच्या निकषातली मेख अशी, की पोलिसांत नोंद झालेला अपघातच मोजला जातो. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत जे घडलं त्याची कुठेही नोंद नाही. आणि एखादा कोपरा इतका वाईट असतो की माणसं तिथून जाणंच सोडतात, मुलांना गाडीने शाळेत पोहोचवायला लागतात. असा कोपरा कागदावर सुरक्षित दिसतो.

पण पुस्तिकेत एक दुसरी वाटही आहे. थांबून पाहिल्यावरही आडवी येणारी वाहतूक दिसत नसेल, तर इंजिनिअरला आपला निर्णय वापरायची मुभा आहे. तुमचं प्रकरण मला तिथलं वाटतं. तुम्हीच लिहिलंय की गाडी वळत होती आणि कोपऱ्याला लागून कायम एक व्हॅन उभी असते. अशा ठिकाणी स्टॉप साइन लागली तरी ड्रायव्हर थांबेल, व्हॅनमुळे काही दिसणार नाही, आणि मग तो वळेल. दुखणं दृष्टीच्या आड येणाऱ्या गाडीचं आहे आणि तुम्ही मागितलं चिन्ह. शहराने तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की उपाय मागू नका, अडचण दाखवा. ‘स्टॉप साइन लावा’ या मागणीला हो किंवा नाही एवढीच दोन उत्तरं असतात. ‘झेब्रा क्रॉसिंगवर उभ्या असलेल्या सात वर्षांच्या मुलीला डावीकडून येणारी गाडी दिसत नाही’ असं लिहिलं की समोरच्याला विचार करावा लागतो.

त्यासाठी एक टेप घ्या आणि शाळा सुटायच्या वेळी कोपऱ्यावर जा. झेब्रा क्रॉसिंगच्या कडेपासून पहिल्या उभ्या गाडीच्या बंपरपर्यंत किती फूट आहेत ते मोजा. मग मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून फोटो काढा, आणि त्याच जागेवरून तुमच्या उंचीचा दुसरा. असे दोन फोटो घेऊन एक आई एका संध्याकाळी आमच्या बैठकीला आली होती. मोठ्या माणसाच्या उंचीवरच्या फोटोत रस्ता दिसत होता, पलीकडचं घर दिसत होतं, लांबून येणारी एक निळी गाडीही दिसत होती. मुलाच्या उंचीवरच्या फोटोत फक्त पांढऱ्या व्हॅनचं दार होतं, त्या दाराची मूठ बरोबर मध्यभागी. ती बाई मिनिटभरही बोलली नसेल. आमच्या विभागप्रमुखांनी ते फोटो हातात घेतले आणि बराच वेळ खाली ठेवले नाहीत. तिच्याआधी त्याच कोपऱ्याबद्दल चार तक्रारी आल्या होत्या, चारही स्टॉप साइनच्या, आणि चारही आम्ही नाकारल्या होत्या. तीन महिन्यांत तिथे पार्किंग वीस फूट मागे सरकलं आणि रंगवलेल्या जागेत लवचीक खांब उभे राहिले.

कोपऱ्याजवळचं पार्किंग काढून नजर मोकळी करण्याच्या या कामाला आमच्या धंद्यात ‘डेलाइटिंग’ म्हणतात. त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण न्यू जर्सीतलं होबोकेन. सव्वा चौरस मैलात साठ हजार माणसं राहतात आणि पार्किंगसाठी लोक अक्षरशः तासन्‌तास घिरट्या घालतात, असं ते शहर. कोपऱ्यापासून पंचवीस फुटांत गाडी उभी करू नये हा न्यू जर्सीचा राज्य कायदा जुनाच आहे, पण तो पाळतं कोण? होबोकेनने तो रस्त्यावर उतरवला. रस्त्याचं काम निघेल तसतसे कोपऱ्यांवर खांब लावले, कुठे सायकल स्टँड बसवले, कुठे पावसाचं पाणी मुरवणारे वाफे केले. म्हणजे तिथे गाडी उभी करणं नुसतं बेकायदा न राहता अशक्य झालं. जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षांहून अधिक काळ त्या शहरात रस्ता अपघातात एकही मृत्यू झाला नाही. कॅलिफोर्नियानेही आता क्रॉसिंगच्या अलीकडचे वीस फूट मोकळे ठेवण्याचा कायदा केला आहे आणि २०२५ पासून त्याचा दंड लागतो.

हे मी एवढ्या तपशिलात सांगतोय कारण देशाचं चित्र बरोबर उलटं आहे. २००९ मध्ये अमेरिकेत ४,१०९ पादचारी मेले. २०२२ मध्ये हा आकडा साडेसात हजारांच्या वर गेला. वेगाचा हिशोब तर फारच निर्दय आहे. एका अमेरिकी मोटार संघटनेच्या संस्थेने २०११ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार ताशी २३ मैलांनी धडक बसली तर पादचारी दगावण्याचा धोका सरासरी दहा टक्के असतो. ताशी ३२ मैलांना तो पंचवीस टक्के होतो आणि ४२ मैलांना पन्नास. आणि माणूस वयस्कर असेल तर त्याहून वाईट. तुमचे सासरे सत्तरीचे आहेत, हे वाचून मला काळजी वाटली ती म्हणूनच.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाची. कोपऱ्याचं काय करायचं हा निर्णय कौन्सिलच्या सभेत होत नाही. तो होतो पुढच्या वर्षी कोणत्या रस्त्यांचं डांबरीकरण करायचं याची यादी बनते तेव्हा. ती यादी पब्लिक वर्क्स, म्हणजे शहराच्या बांधकाम विभागात एखाद्या इंजिनिअरच्या टेबलावर, हिवाळ्यात कधीतरी, बनते. सहसा तिथे नागरिक कुणीच नसतो.

यादीचं महत्त्व असं. रस्ता खरवडून नवं डांबर घातलं की सगळे पट्टे नव्याने मारावेच लागतात. मग जुन्या जागी मारा नाहीतर नव्या जागी, खर्च जवळपास सारखाच. बारा फुटांची लेन दहा फुटांची करायची असेल, तर त्यासाठी याहून स्वस्त वेळ पुन्हा दहा-पंधरा वर्षं येत नाही. शिवाय अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्यानुसार डांबरीकरण हा रस्त्यातला बदल धरला जातो. फिलाडेल्फियातल्या एका खटल्यात १९९३ मध्ये अपील न्यायालयाने तसा निवाडा दिला. म्हणून डांबर घातलं की कोपऱ्यावरचे व्हीलचेअरचे उतार नियमात बसवावेच लागतात. म्हणजे कोपरा तसाही फोडला जाणार असतो. त्याच वेळी कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेची, गोलाई कमी करून घेतली, तर वळणारी गाडी आपोआप हळू होते.

कोपरा फूटपाथसकट पुढे आणायचा, काँक्रीटमध्ये, अशी मागणी मात्र जपून करा. दिसायला ते छोटं काम वाटतं. पण बहुतेक कोपऱ्यांवर पावसाच्या पाण्याची जाळी असते. कर्ब हलला की जाळी हलवावी लागते, जाळी हलली की खालचा पाइप, आणि तिथे खर्च एकदम चढतो. रंग आणि खांबांना हे काही लागत नाही. म्हणून आधी रंग आणि खांब मागा. ते दोन वर्षं टिकले, कुणाची कुरकुर राहिली नाही, की काँक्रीटचा मुद्दा आपसूक पुढे येतो.

तेव्हा पब्लिक वर्क्सला ईमेल करून दोनच प्रश्न विचारा : आमचा रस्ता डांबरीकरणाच्या यादीत कोणत्या वर्षी आहे, आणि त्या कामाचे नकाशे अजून बदलता येतील का? या दोन प्रश्नांना उत्तर देणारा माणूस सापडला, की अर्धं काम झालं असं समजा.

त्याआधी एक खात्री मात्र करून घ्या. रस्ता शहराचाच आहे ना? आपल्याकडे जसा एखादा रस्ता महापालिकेचा, एखादा पीडब्ल्यूडीचा, तसंच इथे शहर, काउंटी (साधारण आपल्या जिल्ह्यासारखी) आणि राज्य असं तिहेरी असतं. जर्सी सिटीचं उदाहरण घ्या, तिथे आपली बरीच मंडळी राहतात. २०२२ मध्ये शहराच्या मालकीच्या रस्त्यांवर एकही मृत्यू झाला नाही, ही त्या शहराची मोठी कमाई. ‘शहराच्या मालकीच्या’ हे शब्द त्यात महत्त्वाचे आहेत, कारण जर्नल स्क्वेअरवरून जाणारा केनेडी बुलेव्हार्ड काउंटीचा आहे आणि तिथे साधा पट्टा मारायचा तरी शब्द काउंटीचा चालतो. चुकीच्या दारावर सहा महिने धडका मारणारे लोक मी पुष्कळ पाहिले.

वेगाची मोजणी मागणार असाल, तर ती शाळा सुरू असलेल्या आठवड्यात व्हावी असं लेखी मागा. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या त्या काळ्या रबरी नळ्या म्हणजे तीच मोजणी. एका शहरात ती शाळेच्या वसंताच्या सुट्टीत झाली. रस्ते ओस पडलेले, आणि अहवालात आलं की शाळेच्या वेळेतही वर्दळ नगण्य आहे. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, कंत्राटदाराला तो आठवडा सोयीचा होता एवढंच. पण तो अहवाल पुढे चार वर्षं दाखवला गेला. मोजणी झाली की पूर्ण अहवाल मागा. नुसती सरासरी पुरत नाही, पंच्याऐंशी टक्के गाड्या किती वेगाच्या आत होत्या तो आकडा बघा, इंजिनिअर तोच बघतात.

नगरसेवकाकडे जावं का? जावं, पण काय मागायचं ते ठरवून. आपल्या मनातलं चित्र असं असतं, की नगरसेवकाने फोन फिरवला की काम होतं. तुमच्यासारख्या मध्यम आकाराच्या शहरांत बहुधा सिटी मॅनेजरची पद्धत असते, म्हणजे रोजचा कारभार एक नेमलेला अधिकारी चालवतो. १९१३ च्या महापुरानंतर ओहायोतल्या डेटनने ती स्वीकारली आणि मग ती देशभर पसरली. आपल्याकडे महापालिका आयुक्त राज्य सरकार पाठवतं. इथला मॅनेजर कौन्सिलच नेमतं आणि कौन्सिलच काढू शकतं. पण खात्यांतल्या कर्मचाऱ्यांना परस्पर हुकूम सोडायला अनेक शहरांच्या सनदेत नगरसेवकांना मनाई असते. त्यामुळे ‘उद्या खांब लावायला सांगा’ असं तुम्ही म्हणालात, तर प्रामाणिक नगरसेवक ते करू शकणार नाही. त्याला जे करता येतं ते मागा : मॅनेजरकडून या कोपऱ्याबद्दल लेखी अहवाल, आणि अंदाजपत्रकात कोपऱ्यांच्या कामासाठी एक छोटी ठोक रक्कम. ती रक्कम मंजूर झाली की इंजिनिअरला प्रत्येक कोपऱ्यासाठी स्वतंत्र मंजुरी आणावी लागत नाही, आणि तुमच्याबरोबर बाकीच्या शाळांचंही भलं होतं. मी नोकरीत असताना अशा रकमेइतकी उपयोगी दुसरी गोष्ट मला कुणी दिली नाही.

वेळ मात्र साधली पाहिजे. बऱ्याच शहरांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. खाती आपल्या मागण्या डिसेंबर-जानेवारीत देतात, मॅनेजरचा मसुदा एप्रिलच्या सुमारास येतो आणि जाहीर सुनावणी मे-जूनमध्ये होते. सुनावणीला सभागृह भरतं, पण तोवर आकडे जवळपास ठरलेले असतात. ज्याला काही बदलायचं आहे त्याने जानेवारीत भेटावं. काही शहरांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तिथे हेच सगळं शरद ऋतूत धरा.

सभेत बोलायला बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं मिळतात. समोर घड्याळ किंवा दिवा असतो. विषय अजेंड्यावर नसेल तर कौन्सिल सहसा त्याच रात्री निर्णय घेऊ शकत नाही. कॅलिफोर्नियात तर नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही, नुसतं ‘धन्यवाद’ म्हणाले, तर तो अपमान समजू नका. त्या रात्रीचा खरा उपयोग सभा संपल्यावर असतो. मागच्या रांगेत फाइल घेऊन बसलेला पब्लिक वर्क्सचा माणूस शोधा आणि त्याच्या हातात ते दोन फोटो द्या.

ऑनलाइन सह्यांबद्दल मी स्पष्टच सांगतो, त्यात वेळ घालवू नका. हजार सह्यांतल्या नऊशे गावाबाहेरच्या असतात आणि ते शहराला कळतं. त्याऐवजी त्या कोपऱ्याला लागून असलेल्या आठ-दहा घरांची दारं वाजवा. पार्किंगच्या दोन जागा जाणार आहेत त्या यांच्याच दारातल्या. विरोध झाला तर इथूनच होईल, आणि एक चिडलेला शेजारी अख्खं काम थांबवू शकतो. त्याच्याकडे आधी जा, मुलीला बरोबर न्या, फोटो दाखवा. ती व्हॅन ज्याची आहे त्याच्याकडे तर सगळ्यात आधी. गतिरोधक हवा असेल तरीही अनेक शहरं त्या पट्ट्यातल्या बहुसंख्य घरांची संमती मागतातच. आणि अग्निशमन दलालाही विचारतात, कारण बंबाला प्रत्येक गतिरोधकावर काही सेकंद लागतात. म्हणून बंबाची रुंद चाकं मधल्या फटींतून जातील असे तुकड्यातुकड्यांचे गतिरोधक हल्ली जास्त पास होतात.

केंद्र सरकारचा पैसाही आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात सुरक्षित रस्त्यांसाठी २०२२ ते २०२६ या पाच वर्षांसाठी पाच अब्ज डॉलर ठेवले होते, वीस टक्के वाटा स्थानिक. तुमच्या शहराने त्यातून सुरक्षा आराखडा केला असेल तर तो वाचा. तुमचा कोपरा त्यात असेल, तर ईमेलमध्ये पान क्रमांक घाला.

राहता राहिले सासरे. तुम्ही लिहिलंय की त्यांना यात ओढायला नको. मला उलट वाटतं. आपले आईवडील सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा गाडी चालवत नाहीत, दिवसातून दोनदा चालतात. सिग्नलचं बटण कुठे दाबूनही उपयोग होत नाही, फूटपाथ कुठे मध्येच संपतो, कोणत्या वेळी गाड्या भरधाव येतात, हे त्या वस्तीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. शहरातल्या कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण तिथे गाडीनेच येतात. सासऱ्यांनी सभेत मराठीत बोललं तरी चालेल. बरीच शहरं भाषेची सोय करतात, फक्त दोन-तीन दिवस आधी सिटी क्लार्कला (कौन्सिलच्या सभांचं कामकाज सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवा. मराठी दुभाषी मिळाला नाही, तर तुम्ही भाषांतर करा आणि तेवढा वेळ वाढवून मागा. त्यांचं परतीचं तिकीट कधीचं आहे ते बघा, आणि त्याआधीच्या कौन्सिलच्या सभांच्या तारखा आजच उतरवून घ्या.